तबकडी कापण्याआधी

जुन्या रेकॉर्डची पर्स करायला सुट्टीचे दोन दिवस पुरतात. कोणती रेकॉर्ड कापायची हे ठरवायला मात्र थोडं जास्त डोकं लागतं.

काळी, चकचकीत, अर्ध्या चंद्राच्या आकाराची पर्स. वरच्या कडेला मधोमध अर्धं लाल लेबल, त्यावर अर्धवट दिसणारं गाण्याचं नाव आणि बाजूने खणाची पट्टी. अशी पर्स खांद्याला लावून कुणी कॉलेज फेस्टला आलं की 'कुठून घेतलीस?' हा प्रश्न ठरलेला. आणि उत्तर 'घेतली नाही, केली' असं असेल तर पुढचे दहा प्रश्न तयार. कशी कापली? तुटत नाही का? फोन मावतो का? जड नाही का?

या प्रश्नांची उत्तरं पुढे आहेतच. पण एक प्रश्न सहसा कुणी विचारत नाही आणि तोच सगळ्यात महत्त्वाचा आहे. या रेकॉर्डवर काय होतं?

कपाटावरचा काळा ढीग

आपल्या पिढीने रेकॉर्ड पाहिल्या त्या बहुतेक कॅफेच्या भिंतीवर टांगलेल्या. आजी-आजोबांच्या पिढीसाठी मात्र त्या घरातली जपून हाताळायची चीज होती. भारतात ध्वनिमुद्रणाची सुरुवात १९०२ साली झाली. त्या वर्षी कोलकात्यात गौहर जान यांचं गाणं फ्रेड गायसबर्ग यांनी मुद्रित केलं, पण तबकड्या बनवून आणाव्या लागत होत्या परदेशातून. १९०८ मध्ये कोलकात्यातच सियालदहला कारखाना निघाला आणि पुढे दमदमचा कारखाना म्हणजे देशभरातल्या घरांत जाणाऱ्या रेकॉर्डचं माहेरघर झालं. कर्ण्यासमोर बसलेल्या कुत्र्याचं चित्र असलेलं ते लेबल तिथलंच. ती कंपनी आज सारेगामा या नावाने ओळखली जाते.

१९८० च्या दशकात कॅसेट आली. स्वस्त, हलकी, प्रवासात नेता येणारी. रेकॉर्ड प्लेअर बिघडला तर सुई मिळेना, दुरुस्त करणारा मिळेना. प्लेअर भंगारात गेला आणि रेकॉर्ड कपाटावर गेल्या. आज घर आवरताना, रीडेव्हलपमेंटसाठी जागा रिकामी करताना त्याच रेकॉर्डचे गठ्ठे खाली येतात आणि मग मुंबईच्या चोर बाजारात किंवा पुण्याच्या जुन्या बाजारात पोचतात. काही धडधाकट, काही इतक्या ओरखडलेल्या की वाजवायला सुई ठेवली तर सुईच खराब व्हावी.

या दुसऱ्या प्रकारच्या रेकॉर्डचं करायचं काय? रेकॉर्ड पीव्हीसीच्या, म्हणजे प्लास्टिकच्या. कुजत नाहीत आणि जाळाव्यात तर हायड्रोजन क्लोराइडसारखा घातक वायू बाहेर पडतो. म्हणून मग कुणी त्याचं घड्याळ करतं, कुणी वाडगा, कुणी पर्स. परदेशात हा उद्योग बराच जुना आहे. सीडी आल्यावर तिकडे रेकॉर्ड कवडीमोलाने विकल्या जात होत्या. गंमत म्हणजे वारं पुन्हा फिरलं. २०२२ मध्ये अमेरिकेत नगाच्या हिशोबात सीडीपेक्षा व्हायनल अल्बम जास्त खपले. १९८७ नंतर असं पहिल्यांदाच घडलं. म्हणजे ज्या वस्तूला आपण कचरा समजून कात्री लावतोय, तिला गिऱ्हाईक परत आलंय. म्हणूनच कापण्याआधी ओळख करून घ्यायला हवी.

तीन काळ्या बहिणी

लांबून सगळ्या रेकॉर्ड सारख्याच दिसतात, पण त्यांचे मुख्य प्रकार तीन.

पहिली ७८ ची. मिनिटाला ७८ फेरे घेणारी, बहुतेक वेळा १० इंचांची, एका बाजूला जेमतेम तीन-साडेतीन मिनिटांचं एक गाणं. ही प्लास्टिकची नसते. लाखेच्या किड्यापासून मिळणारी शुद्ध लाख आणि दगडाची पूड वगैरे मिसळून ती बनते. हातात घेतली की जड लागते आणि पडली की ताटलीसारखी फुटते. दुसऱ्या महायुद्धात लाखेचा इतका तुटवडा पडला होता की अमेरिकेत लोकांकडून जुन्या तबकड्या गोळा करून त्यांतली लाख पुन्हा वापरली गेली. ही तबकडी पर्ससाठी सपशेल निकामी. ड्रिल लावलंत की तडकली.

दुसरी एलपी. १९४८ मध्ये अमेरिकेतल्या कोलंबिया कंपनीने आणलेली, १२ इंचांची, मिनिटाला ३३⅓ फेरे घेणारी. ही व्हायनलची, म्हणजे पीव्हीसीची. हिच्या एका बाजूला २२ मिनिटांचं संगीत असेल तर सुई त्यात साधारण ७३३ फेरे मारते. तो सगळा खाचेचा मार्ग सरळ केला तर जवळपास अर्धा किलोमीटर भरेल. एवढा रस्ता एका ताटाएवढ्या चकतीवर!

तिसरी ४५ ची, सात इंचांची. आपल्याकडे हिच्यावर बऱ्याचदा चार गाणी असत आणि तिला ईपी म्हणत. भावगीतं, लावण्या, सिनेमाची गाणी या छोट्या तबकड्यांवर घरोघर पोचली. हीसुद्धा व्हायनलचीच.

पर्स करायची तर दुसरी किंवा तिसरी. ओळखायची सोपी खूण म्हणजे लेबलवर ७८ लिहिलं असेल किंवा तबकडी जड आणि कडक असेल तर हात लावू नका. व्हायनल दोन्ही हातांनी धरून अगदी हलकेच वाकवली तर किंचित लवते.

फोन मावतो का?

इंटरनेटवर सगळ्यात जास्त दिसते ती सात इंची दोन तबकड्यांची गोल पर्स. दिसते फारच गोड. पण भूमिती आठवा. या तबकडीचा व्यास साधारण साडेसतरा सेंटिमीटर. आजचा नेहमीचा फोन घ्या, सोळा सेंटिमीटर उंच आणि साडेसात रुंद. पायथागोरस लावला तर त्याचा कर्ण येतो १७.७ सेंटिमीटर. म्हणजे फोन दोन मिलिमीटरने बाहेर! चाव्या, सुटे पैसे, लोकलचा पास आणि इअरबड एवढंच मावेल. सणासुदीला मिरवायला ठीक, रोजच्या कॉलेजला नाही.

त्यापेक्षा १२ इंची एलपी व्यासावर मधोमध कापून होणारी अर्धचंद्राची पर्स जास्त कामाची. एकाच तबकडीत पर्सच्या दोन्ही बाजू निघतात. तीस सेंटिमीटर लांब, पंधरा उंच. फोन आडवा टाका, सहज बसतो. शिवाय चेन सरळ रेषेत येते, त्यामुळे शिवायला सोपी. बहुतेक एलपी दीडशे ग्रॅमच्या आतबाहेर असतात, त्यामुळे खांदा दुखायचा प्रश्न नाही.

करायची कशी?

सामान असं : एक खराब एलपी, मास्किंग टेप, स्टीलची पट्टी, बारीक दातांची हॅक्सॉ पाती, दोन मिलिमीटरचं ड्रिल, पॉलिश पेपर, मेणदोरा, दोन जाड सुया, ३० सेंटिमीटरची चेन, अस्तराचं सुती कापड, खण किंवा डेनिम, टेलर वापरतात ते बकरम, दोन डी आकाराच्या कड्या आणि हुक असलेला पट्टा. पुण्यात बोहरी आळी आणि तुळशीबाग, मुंबईत अब्दुल रहमान स्ट्रीट आणि मंगलदास मार्केट एवढं फिरलात तर सगळं मिळून जाईल. डेनिमसाठी तर बाजारात जायचीही गरज नाही, जुनी जीन्स आहेच.

आधी रेकॉर्ड कोमट पाण्याने आणि साबणाच्या थेंबाने धुवा. लेबल भिजू देऊ नका, ते कागदाचं असतं. पुसून वाळवा. व्यासावरून आरपार मास्किंग टेप चिकटवा आणि त्यावर मधल्या छिद्राच्या बरोबर मध्यातून सरळ रेघ आखा. टेपमुळे पाती घसरत नाही आणि कड उडत नाही. तबकडी टेबलाला क्लॅम्पने घट्ट धरून पाती हळूहळू चालवा. घाई केली की घर्षणाने प्लास्टिक वितळून पातीला चिकटतं. कापलेली कड पॉलिश पेपरने गुळगुळीत करा. पेपर ओला करून घासलात तर धूळ उडत नाही.

आता भोकं. दोन्ही अर्धुकं एकमेकांवर ठेवून टेपने बांधा, म्हणजे भोकं जुळतील. कडेपासून सहा-सात मिलिमीटर आत, एकेका सेंटिमीटरवर खुणा करा. गोल बाजू भरते ४७ सेंटिमीटर, सरळ बाजू ३०. म्हणजे साधारण ७७ भोकं. खाली लाकडाचा तुकडा ठेवा आणि ड्रिल कमी वेगात चालवा. इथे कंटाळा येतो हे खरं. दोस्तांना बोलवा, चहा ठेवा.

बाजूपट्टीसाठी खणाची आठ सेंटिमीटर रुंद पट्टी घ्या. दोन्हीकडे एकेक सेंटिमीटर शिवणीत गेलं की सहा उरतात. लांबी ५१ ठेवा, म्हणजे टोकं दुमडून त्यात कड्या अडकवता येतील. खण नाजूक असतो, म्हणून आतून बकरम लावायला विसरू नका. नाहीतर महिन्याभरात भोकांपाशी कापड फाटतं. चेनच्या दोन्ही बाजूंना कापडाच्या पट्ट्या मशीनवर शिवून घ्या आणि मग त्या पट्ट्या तबकडीच्या सरळ कडेला हाताने शिवा.

शिवण घालताना चपला शिवणारे कारागीर वापरतात ती पद्धत वापरा. एकाच दोऱ्याच्या दोन टोकांना दोन सुया आणि प्रत्येक भोकातून दोन्ही सुया समोरासमोरून. एका ठिकाणी दोरा तुटला तरी बाकीची शिवण उसवत नाही. जमत नसेल तर कोपऱ्यावरच्या चपलेवाल्या काकांकडे जा आणि त्यांच्या हाताकडे पाच मिनिटं नीट बघा. कुठल्याही व्हिडिओपेक्षा लवकर कळेल. शेवटी आतून अस्तर लावा, पट्टा अडकवा. झाली पर्स.

तापवण्याच्या भानगडीत पडू नका

रेकॉर्ड ओव्हनमध्ये तापवून, मऊ करून वाकवायचे व्हिडिओ खूप फिरतात. पीव्हीसी साधारण ८० अंश सेल्सिअसच्या आसपास मऊ व्हायला लागतं, त्यामुळे ते जमतं हे खरं. पण घरच्या ओव्हनचं तापमान अचूक नसतं, आणि जास्त तापलं की नको ते वायू सुटतात. गॅसच्या ज्योतीवर धरणं किंवा तापल्या सळईने भोकं पाडणं तर अजिबात नको. जुन्या पीव्हीसीमध्ये शिशाची संयुगं वापरलेली असू शकतात. त्यामुळे कापताना, घासताना मास्क लावा, खिडकी उघडी ठेवा, काम स्वयंपाकघराच्या ओट्यावर करू नका आणि संपल्यावर हात साबणाने धुवा. याच कारणासाठी रेकॉर्डच्या वाडग्यात चिवडा ठेवायचा मोह टाळा.

आणि हो, पर्स झाल्यावरही हा गुण जात नाही. मे महिन्यात उन्हात उभ्या केलेल्या गाडीत ती ठेवलीत तर संध्याकाळी पापडासारखी वेडीवाकडी झालेली मिळेल.

आता तो प्रश्न

या रेकॉर्डवर काय होतं?

ही नुसती भावनिक गोष्ट नाही. 'शोले'चे संवाद असलेली एलपी एके काळी गाण्यांइतकीच गाजली. तिच्या असंख्य प्रती निघाल्या, पुन्हा पुन्हा वाजून झिजल्या. तिची एक ओरखडलेली प्रत कापली तर जगाचं काही नुकसान होत नाही. तोच संवाद आज मोबाइलवर सापडतो. पण एखाद्या छोट्या कंपनीची, तमाशाच्या फडातल्या गायिकेची, शाहिराच्या पोवाड्याची किंवा कुणा कीर्तनकाराची ईपी असेल तर? ती मुळात थोडी निघाली. कॅसेटवर आली नाही, सीडीवर आली नाही, कुणी अपलोड केली नाही. तुमच्या हातातली प्रत शेवटच्या काही प्रतींपैकी असू शकते. करवत चालवली की तो आवाज कायमचा गेला.

उलटंही घडतं. बाहेरच्या देशांत ७८ च्या तबकड्या बंद होत आल्या होत्या तेव्हा आपल्याकडे त्या सुरूच होत्या. त्यामुळे १९६० च्या दशकात बीटल्सची गाणी भारतात चक्क ७८ च्या लाखेच्या तबकड्यांवर निघाली. आज जगभरचे संग्राहक त्या शोधत फिरतात. भंगाराच्या भावाने घेतलेल्या गठ्ठ्यात काय निघेल याचा नेम नसतो.

म्हणून करवत हातात घेण्याआधी चार गोष्टी बघा. लेबलवरचं गायकाचं, कंपनीचं नाव आणि नंबर नोंदवून घ्या. लेबलजवळच्या गुळगुळीत पट्ट्यावर कोरलेले बारीक आकडेही टिपा. मग डिस्कॉग्ससारख्या ऑनलाइन सूचीत आणि यूट्यूबवर शोधा. सापडली, भरपूर प्रती आहेत आणि तुमची प्रत वाजण्यापलीकडे गेलीय, तर खुशाल कापा. सापडलीच नाही तर थांबा. मुंबईत १९९० मध्ये सुरू झालेल्या सोसायटी ऑफ इंडियन रेकॉर्ड कलेक्टर्ससारख्या संस्थेच्या जाणकारांना विचारा. जुन्या बाजारातले रेकॉर्डवालेही पक्के माहीतगार असतात. आणि वाजवता येत असेल तर कुणाकडचा तरी प्लेअर मिळवून आधी तिचा आवाज कॉम्प्युटरवर उतरवून घ्या. मात्र तो नेटवर टाकताना जपून. आपल्या कायद्यात ध्वनिमुद्रणाचा कॉपीराइट प्रसिद्धीनंतरच्या वर्षापासून ६० वर्षं चालतो आणि गाण्याच्या शब्दांचा, चालीचा हक्क वेगळा असतो.

कव्हरचंही तेच. एलपीचं ३१ सेंटिमीटरचं चौकोनी कव्हर कापून क्लच करण्यापेक्षा ते स्कॅन करा, कॅनव्हासवर प्रिंट काढा आणि ती शिवा. स्वतःपुरती पर्स करायला मूळ कव्हर फाडायची गरजच पडत नाही.

विकायची असेल तर

फेस्टच्या स्टॉलवर अशा पर्स झटकन जातात, पण हिशोब नीट करा. समजा रेकॉर्डचे १०० रुपये, चेन, कापड, पट्टा, कड्या, दोरा मिळून ३०० आणि तुमचे सहा तास. तासाला फक्त शंभर रुपये धरले तरी पर्स पडली हजाराला. ती पाचशेला विकलीत तर तुम्ही गिऱ्हाइकाला स्वतःच्या खिशातून पाचशे रुपये दिलेत. किंमत सांगताना लाजू नका, सहा तासांची शिवण दाखवा. आणि लेबलवर कंपनीचं चिन्ह असलं तरी पर्स त्या कंपनीची आहे असं भासवू नका. 'जुन्या रेकॉर्डपासून हाताने केलेली' एवढं पुरेसं आहे.

मागणी वाढली की एक धोका असतो. खराब रेकॉर्ड संपतात आणि मग चांगल्या कापल्या जातात. वीस पर्सची ऑर्डर आली आणि हाताशी सातच ओरखडलेल्या रेकॉर्ड असतील तर ऑर्डर सातचीच घ्या.

आणखी एक छोटं काम. पर्सच्या अस्तराला आतून एक कप्पा शिवा आणि त्यात पोस्टकार्डाच्या जाडीचं कार्ड ठेवा. त्यावर रेकॉर्डचं नाव, गाणी, गायक, संगीतकार, रेकॉर्डचा नंबर आणि ती कुठे मिळाली हे लिहा. घरातलीच असेल तर आजी-आजोबांना विचारून ती कधी, कुणी, कशासाठी आणली होती तेही लिहा. विचारल्यावर आजी म्हणाली की ही नको, दुसरी घे, तर दुसरी घ्या.